जुना लेथ घरी आणावा का? (साडेचार फुटी, नेमप्लेट नाही)

चक्रमचक्र
मंडळी, बऱ्याच दिवसांपासून डोक्यात एक किडा वळवळतोय तो इथे सोडतो. कोल्हापुरात उद्यमनगरात ओळखीतल्या एकांचं वर्कशॉप बंद होतंय, त्यातला जुना लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन) काढायचाय त्यांना. साडेचार फुटी, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) बेड, कोन पुली (वेग बदलायची पायऱ्यांची पुली), वर चामड्याचा पट्टा. नेमप्लेट नाही, हेडस्टॉकवर (जॉब फिरवणाऱ्या डाव्या टोकावर) दोन स्क्रूंची भोकं तेवढी शिल्लक. सोबत थ्री जॉ, फोर जॉ चक (जॉब पकडणारे पंजे) आणि पत्र्याचा डबा भरून गिअर. ५५ हजार सांगतायत. मी पुण्यात, तळमजल्यावर राहतो, मागे १० बाय १२ ची शेड आहे, तिथे सध्या सायकली आणि बायकोच्या कुंड्या. वीज सिंगल फेज. मी आयटीतला, पण फायलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग हाताने करतो, वर्कशॉपमध्ये लुडबुड करायची हौस शाळेपासून आहे. घ्यावा का? आणि बघायला गेलो तर नक्की काय बघू, कारण मला चालू मशीन दिसलं की सगळंच भारी वाटतं.

खोडसाळ_खिळा
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुंड्या कुठे जाणार ते आधी सांगा.

निवृत्त_टर्नर
चक्रमचक्र, बघायला जाताना पाकीट घरी ठेवा आणि डायल गेज घेऊन जा.

सगळे जण आधी चक धरून हलवतात आणि मान डोलावतात. चक बदलता येतो हो, बेड बदलता येत नाही. सॅडल (बेडवर सरकणारा, टूल धरणारा भाग) चकाजवळ आणा, त्याचा लॉक इतपत आवळा की जेमतेम सरकेल, आणि तसाच टेलस्टॉककडे, म्हणजे उजव्या टोकाकडे, नेत जा. लेथवरचं नव्वद टक्के काम चकापुढच्या फूटभरात होतं, त्यामुळे बेड तिथे झिजतो आणि टेलस्टॉकच्या टोकाला जवळजवळ कोरा राहतो. पुढे नेताना सॅडल घट्ट होत गेला तर समजा झीज आहे. थोडा जड झाला तर चालतंय, ४०-५० वर्षांच्या मशीनला तेवढं माफ. मध्यावरच रुतून बसला तर चहा प्या आणि घरी या.

मग स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा. चक उतरवा, डायल स्पिंडलच्या आतल्या टेपरला (निमुळत्या भोकाला) लावा. चकावर डायल लावून लोक मशीनला शिव्या देतात, थ्री जॉ चक स्वतःच तीन-चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मारतो. नंतर चकाखाली लाकडी दांडका घालून स्पिंडल वर उचलून बघा, डायल थाऊ-दीड थाऊ हलला तर ठीक, गनमेटलचे बुश (बेअरिंग) असतील तर शिम (पातळ पत्रे) काढून आवळता येतात.

शेवटी बॅक गिअर, म्हणजे स्पिंडल हळू फिरवायचे गिअर. मशीन बंद ठेवून हाताने अख्खी फेरी फिरवा आणि एकेक दात बघा. तुटलेला दात पितळेने भरून वर ग्रीस चोपडलेलं असतं, त्यामुळे आधी चिंधी, मग डोळे.

कासवछाप
माझं मत वेगळं. घेऊ नका. त्यात भर घालून राजकोटचा नवाकोरा मिळेल, गॅरंटी, सिंगल फेज मोटर, मेट्रिक डायल, सगळं. जुना लेथ घेणारे लेथवर काम करत नाहीत, लेथचंच काम करत बसतात. माझ्या मेहुण्याच्या गॅरेजमध्ये असाच एक 'रिस्टोअर' होतोय, सध्या त्यावर कपडे वाळत घालतात.

बीस्टनकर
कासवछाप, कपडे वाळत घालायला पण सपाट बेड लागतो 😀

मी लेस्टरला असतो, इकडे या छंदाचं वेड जबरदस्त आहे. माझ्याकडे मायफर्ड एमएल ७ आहे. ही कंपनी नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनची, आयडी त्यावरूनच घेतलाय. एमएल ७ दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ च्या सुमारास आला आणि इकडच्या घराघरातल्या शेडमध्ये जाऊन बसला, कारण सात इंच स्विंग (फिरू शकेल असा मोठ्यात मोठा व्यास), दोन सेंटरमध्ये वीस इंच लांबी आणि वजन स्टँड सोडून शंभरेक किलो, म्हणजे दोघांनी उचलून नेण्यासारखा. स्पिंडलला व्हाइट मेटलचे बेअरिंग. जुना कारखाना २०११ ला बंद झाला, नाव दुसऱ्यांनी घेतलं, पण सुटे भाग अजून मिळतात. तुमच्या बिननावाच्या मशीनला मात्र प्रत्येक भाग स्वतः बनवावा लागेल. अर्थात लेथ असला की ते जमतं, हीच तर गंमत आहे.

हरिहर_एक्सप्रेस
नेमप्लेट नाही म्हणजे बहुतेक बटाला किंवा लुधियाना. पंजाबात चांगल्या मशीनचे नमुने समोर ठेवून ढिगाने लेथ ओतले गेले, त्यातले काही उत्तम, काही देवाच्या भरवशावर. आपल्याकडचे खानदानी म्हणजे म्हैसूर किर्लोस्कर, हरिहरचा कारखाना १९४१ चा. एचएमटी त्यानंतर, १९५३, बंगळूर, स्वित्झर्लंडच्या ओरलिकॉनशी करार करून. पण एचएमटीचा एलबी १७ वगैरे घरी आणायचा विचार करू नका, टनाच्या पुढचं प्रकरण आहे, फरशीसकट खाली जाल.

खोडसाळ_खिळा
तळमजल्यावर आहेत ते, खाली कुठे जाणार.

हरिहर_एक्सप्रेस
पुण्यात काय सांगता येतं, खाली मेट्रो असेल.

मिस्त्रीची_लेक
कोणी मूळ प्रश्नच विचारला नाही. चक्रमचक्र, त्यावर करणार काय आहात? माझे वडील इचलकरंजीत आयुष्यभर लूमचे पार्ट टर्न करत होते, त्यांच्याकडे कोणी 'मिस्त्री, कोणतं मशीन घेऊ' विचारायला आलं की ते आधी म्हणायचे, जॉब दाखव. सगळ्यात मोठा जॉब आणि सगळ्यात बारीक जॉब, दोन्ही. घड्याळाच्या पिना करायच्या असतील तर साडेचार फुटी लेथ घेऊन तुम्ही फक्त मागची भिंत झाकणार.

चक्रमचक्र
सगळ्यांचे आभार, इतक्या लवकर इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

@मिस्त्रीची_लेक, मला दुर्बिणीचे पार्ट करायचेत. आरसा घासून झालाय सहा इंची, पण फोकसर (चित्र स्पष्ट करायची सरकती नळी) आणि माउंटचे (दुर्बिणीच्या बैठकीचे) शाफ्ट बाहेर करून घ्यायला गेलं की एका नगासाठी कोणी मशीन लावत नाही, आणि लावलं तर 'चालून जाईल' म्हणून देतात. दुसरं, मुलीसाठी पितळेची भातुकली. आणि कधीतरी वाफेचं छोटं इंजिन. सगळ्यात मोठा जॉब म्हणजे माउंटची सहा इंची चकती.

मिस्त्रीची_लेक
मग साडेचार फुटी ठीक आहे. सहा इंची चकती एमएल ७ वर बसेल, पण जेमतेम, फेसिंग (तोंड सपाट कातणं) करताना नको वाटेल.

भातुकलीसाठी एक आत्ताच सांगते, पितळेला टूलचा वरचा उतार शून्य ठेवा. लोखंडाला घासलेलं टूल तसंच लावलं तर पितळ त्याला आत ओढतं आणि जॉब चकातून उडतो. बाबा पितळेची टूल वेगळ्या डब्यात ठेवायचे आणि त्या डब्याला हात लावला की ओरडायचे.

जांभळीचं_झाड
भोळा प्रश्न, हसू नका. सावंतवाडीला लाकडी खेळणी फिरवून करतात तोच हा लेथ का? लहानपणी बघितलंय, लाखेची रंगीत कांडी नुसती टेकवली की फिरत्या लाकडावर रंग चढायचा.

निवृत्त_टर्नर
तत्त्व तेच, घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून चढते. फरक हा की तिथे हत्यार कारागिराच्या हातात असतं, इथे टूल पोस्टमध्ये आवळलेलं. हातात हत्यार धरून लोखंड कातायला जाऊ नका म्हणजे झालं.

व्होल्टमामा
विजेवर कोणी बोललं नाही म्हणून माझी एन्ट्री. सिंगल फेजवर दोन रस्ते. सोपा म्हणजे १ एचपी, १४४० आरपीएमची कपॅसिटर स्टार्ट मोटर, लावा आणि विसरा. दुसरा व्हीएफडी, सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर, आणि स्पीड नॉबवर. पण नीट वाचा, साध्या व्हीएफडीमध्ये २३० आत गेलं की बाहेर थ्री फेज पण २३० चंच येतं, ४१५ येत नाही. आपल्या छोट्या मोटरी ४१५ ला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्या डेल्टामध्ये (वाइंडिंग जोडायची दुसरी पद्धत) जोडल्या की २३०-४० वर पूर्ण ताकदीने चालतात. गोम अशी की बऱ्याच मोटरीतून तीनच वायरी बाहेर आलेल्या असतात, स्टारचा जोड आत वाइंडिंगमध्ये बांधलेला. तो मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून सोडवून सहा टोकं बाहेर काढून घ्यायची. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये स्विच टाकू नका, चालू करंट तोडला तर व्हीएफडी जळतो.

आणि नॉब मिळाला म्हणून १५०० आरपीएम पळवू नका. बुशवाला स्पिंडल त्यासाठी केलेला नाही. उलटा तर अजिबात पळवू नका, जुन्या मशीनला चक आट्यावर फिरवून बसवलेला असतो, रिव्हर्स मारला की चक सुटून पायावर.

बीस्टनकर
+१ रिव्हर्सबद्दल. इकडे क्लबात एकांच्या शेडचं दार चकाच्या आकाराचं फुटलंय, ते मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना दाखवतात.

गंजलेला_गंधर्व
आता माझा आवडता विषय, गंज. बेड कधीही सँडपेपरने किंवा एमरीने घासू नका, एमरीची भुकटी सॅडलखाली जाते आणि बेड खाते. डिझेल आणि कापड, हट्टी डाग असतील तर ब्लेड आडवं धरून, बस. हँडल, नट, ब्रॅकेट असल्या सुट्या भागांना मळी (मोलॅसिस). एक भाग मळी, नऊ भाग पाणी, बादलीत दोन-तीन आठवडे. गंज जातो, शाबूत लोखंड फारसं खात नाही. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग मात्र त्यात टाकू नका. वास असा सुटतो की शेजारी साखर कारखाना निघालाय असं वाटावं.

खोडसाळ_खिळा
पुण्यात मळी कुठून आणणार ते? काकवी चालेल का?

गंजलेला_गंधर्व
काकवी वापरली तर आजी घराबाहेर काढेल. कारखान्यावरून मळी अशीच मिळत नाही, परवान्याची भानगड असते. पशुखाद्यवाल्याकडे विचारा. नाहीच मिळाली तर धुण्याचा सोडा, पाणी आणि बॅटरी चार्जर. गंजका भाग निगेटिव्हला, भंगार लोखंडाची पट्टी पॉझिटिव्हला. तिथे स्टेनलेस लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो.

कासवछाप
बघा, म्हणूनच म्हणत होतो. अजून लेथ आला नाही तर मळी, चार्जर, रिवाइंडिंग, वनवास सुरू. आणि शेवटी काय करणार, वरून हिरवा हॅमरटोन मारून फोटो टाकणार. यूट्यूबवर निम्मे 'रिस्टोरेशन' हे रंगकामच असतं, बेड तसाच पोटात खड्डा घेऊन.

निवृत्त_टर्नर
कासवछाप, रंगाबद्दल शंभर टक्के सहमत, आमच्या खात्यात नवा रंग मारलेलं जुनं मशीन आलं की सगळ्यात आधी संशय घ्यायचे. जुना रंग खरवडायचाच असेल तर ओला करून खरवडा, त्यात शिसं असायचं, कोरडी धूळ नाकात नको.

पण नव्याबद्दल असहमत. स्वस्तातल्या नव्या मशीनचं ओतकाम काल ओतलं आणि परवा मशीनवर चढवलं असं असतं. बीड मुरावं लागतं, आतला ताण सुटला की ते पुढे वाकतं. तुमच्या त्या नेमप्लेट नसलेल्याचा बेड ४० वर्षं मुरलाय, जे काय वाकायचं ते वाकून झालं.

आणि झीज झाली म्हणजे संपलं असंही नाही. टेपर येतो (जॉब एका टोकाला जाड कातला जातो) म्हणून लोक लगेच बेडच्या नावाने रडतात, निम्म्या वेळा बेड पिळलेला असतो, झिजलेला नाही. चार पाय वाकड्या फरशीवर ठेवून बोल्ट आवळले की बीडसुद्धा पिळतं. इंजिनिअर्स लेव्हल मिळाली तर उत्तम, मीटरला ०.०२ मिमीची. नाही मिळाली तर इंच-सव्वा इंचाचा बार चकात धरा, सहा-सात इंच बाहेर, टेलस्टॉक लावायचा नाही. दोन्ही टोकांना कॉलर सोडून मधला भाग बारीक करा, मग दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगला हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. टेलस्टॉककडचा व्यास जास्त आला तर त्या टोकाचा पुढचा पाय किंचित उचला, पातळ पत्र्याची शिम घालून. परत कट, परत मोजा. हे संध्याकाळभराचं काम आहे आणि फुकट आहे.

चक्रमचक्र
काका, हे सोनं आहे. स्क्रेपिंगबद्दल (उंचवटे खरवडून सपाट करणं) पण लिहा ना, व्हिडिओत बघून डोक्यावरून गेलं.

निवृत्त_टर्नर
अख्खा बेड स्क्रेप करायच्या भानगडीत पडू नका, त्याला बेडएवढी स्ट्रेट एज लागते आणि आमच्याकडेही ते एकच माणूस करायचा. क्रॉस स्लाइडवर (सॅडलवरचा आडवा सरकणारा भाग) हात बसवा. सरफेस प्लेटवर (अगदी सपाट लोखंडी पाट) निळा रंग बोटाने इतका पातळ पसरायचा की खालचं लोखंड दिसलं पाहिजे. त्यावर स्लाइड उलटी ठेवून जेमतेम सरकवायची, दाबायची नाही. उचललीत की उंचवट्यांवर निळे ठिपके दिसतील, सुरुवातीला नुसते दोन कोपऱ्यांत. तेवढेच खरवडायचे, पुढच्या वेळी तिरप्या दिशेने. परत निळं, परत खरवड. ठिपके हळूहळू मध्याकडे पसरायला लागतात आणि एकदम बारीक होतात. आमचे उस्ताद जुन्या फायलीचं टोक घासून त्याचाच स्क्रेपर करायचे, ब्लू संपलं तर शेंदूर तेलात कालवून. इंचाच्या चौकोनात दहा-बारा ठिपके आले की घरच्या कामाला भरपूर झालं, त्या खड्ड्यांतच तेल टिकतं.

तेल ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल घ्या. घरातलं गोडेतेल घालणारे महाभाग मी बघितलेत, महिन्याभरात डिंक होतो.

जांभळीचं_झाड
काही कळत नाहीये तरी वाचतेय. काका, वेगळा धागा काढा.

हरिहर_एक्सप्रेस
एक राहिलं, डब्यातले गिअर मोजा. मशीन जुनं म्हणजे लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल पुढे नेणारा) इंचाचा असणार. मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर हवा. इंच म्हणजे २५.४ मिमी, पाचाने गुणा, १२७ येतो, आणि १२७ ला कशानेच भाग जात नाही म्हणून तो अख्खाच लागतो. आणि इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटा पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा) मध्ये उघडायचा नाही, मोटर बंद करून उलटं मागे यायचं, नाहीतर आटा चुकतो.

कासवछाप
एका मिनिटापूर्वी रिव्हर्स मारू नका म्हणत होते ना?

व्होल्टमामा
हाताने मागे आणायचं, पट्टा धरून. चकाला लॉक असेल तर गोष्ट वेगळी. बरा सापडलात, सगळं वाचताय म्हणजे 😀

मिस्त्रीची_लेक
सेफ्टीवर एक शब्द नाही सबंध धाग्यात, म्हणून लिहितेय. चकाची चावी चकात ठेवून हात सोडायचा नाही, एक सेकंद पण नाही. ग्लोव्हज नाहीत, घड्याळ नाही, अंगठी नाही, पूर्ण बाह्या नाहीत, ओढणी नाही, केस बांधून टोपीत. २०११ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये रात्री एकटीच काम करणारी विद्यार्थिनी केस लेथमध्ये अडकून गेली. तिथे कुणी स्विच बंद करायला नव्हतं. चिप्स हाताने ओढू नका, लांब वेटोळं निघत असेल तर आकडा ठेवा. मुलगी भातुकली बघायला शेडमध्ये येणार हे गृहीत धरून स्विच उंचावर लावा आणि लाल बटण गुडघ्याने दाबता येईल असं दुसरं.

चक्रमचक्र
अपडेट. काल जाऊन आलो. पाकीट घरी ठेवलं नव्हतं पण बायकोकडे दिलं होतं, ती सोबत होती.

सॅडलचा लॉक आवळून सरकवला, मध्याच्या पुढे जड झाला पण रुतला नाही, दोन्ही हातांनी शेवटपर्यंत गेला. टेपरला डायल अर्ध्या थाऊच्या आत. दांडक्याने उचलल्यावर दोनला थोडा कमी, बुश गनमेटलचेच आहेत आणि शिम शिल्लक दिसतायत. बॅक गिअरला एक दात पितळेचा निघाला, बरोब्बर ग्रीसखाली. मालक म्हणाले, 'तो दात माझ्याच हातचा आहे, उरलेले जातील, तो जाणार नाही.' क्रॉस स्लाइडला पाव फेरी लूज. नट-बोल्ट सगळे व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश इंची माप), माझा एकही पाना बसला नाही, त्यांनी चार सुताचा पाना नुसत्या नजरेने काढून दिला. डब्यात १२७ चा गिअर नव्हता. विचारलं तर हसले आणि भिंतीकडे बोट दाखवलं, घड्याळाची चौकट म्हणून टांगलेला होता. घड्याळ काढून दिलाच.

पितळेचा दात दाखवल्यावर ४८ ला आले. इसार दिला.

कासवछाप
४८ ठीक आहे. १२७ सकट तर चांगलाच. (मी मत बदललेलं नाही.)

खोडसाळ_खिळा
वहिनींनी इसार दिला की तुम्ही?

चक्रमचक्र
तिनेच. कुंड्या पुढच्या अंगणात जाणार आणि त्यांना स्टँड मी करून देणार, असा तह झालाय.

बीस्टनकर
त्या कोल्हापुरातच शंभरेक वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी बनवला होता, पार्ट काय ऑनलाइन मागवले नव्हते. तुमचा फोकसर होऊन जाईल. आता आणणार कसा?

चक्रमचक्र
छोटा हत्ती बोलून ठेवलाय. पाचशे-सहाशे किलो असेल असं मालक म्हणाले. तिकडे चेन पुली आहे, इकडे नाही.

निवृत्त_टर्नर
टेलस्टॉक आणि सॅडल पार उजवीकडे नेऊन लॉक करा, हेडस्टॉककडे वजन फार असतं. मोटर उतरवून वेगळी आणा, ती मागे लटकलेली असली की मशीन मागे कलंडतं. उचलायचा पट्टा बेडच्या खालून घ्या, लीड स्क्रूवर ताण येता कामा नये, वाकला तर संपलं. टेम्पोत उभा बांधा, पायांना लाकडी फळ्या बोल्टने मारून, म्हणजे पाया रुंद होतो. उतरवताना पाऊण इंची पाइपचे तुकडे रोलर म्हणून आणि दोन पहारी. मध्ये हात घालायचा नाही, कलंडायला लागला तर पडू द्यायचा, धरायचा नाही.

व्होल्टमामा
मी सिंहगड रोडला आहे, रविवार असेल तर येतो. पहार आहे माझ्याकडे.

मिस्त्रीची_लेक
शेडमध्ये फरशी कसली आहे? सिरॅमिक टाइल्स असतील तर पायाखाली तडकणार. पायांच्या जागी फोडून काँक्रीट भरा, आणि ते आठवडाभर पाणी मारून पिकल्याशिवाय मशीन ठेवू नका.

चक्रमचक्र
टाइल्सच आहेत. मग या रविवारी नाही, पुढच्या. टेम्पोवाल्याला फोन करतो.

खोडसाळ_खिळा
वडापाव असतील तर मी पण येतो. मशीनला हात लावणार नाही, फक्त 'सावकाश, सावकाश' म्हणेन.